पिना तीन, तारा दोन!

पुण्यात एसी घेणं म्हणजे वीकेंडचं शॉपिंग. शनिवारी शोरूम, रविवारी ईएमआयचं गणित, सोमवारी बेडरूम गार! याच हिशोबाने मी दोन वर्षांपूर्वी झरी जामणीच्या घरी आई-बाबांसाठी दीड टनाचा स्प्लिट बुक केला. यवतमाळ जिल्ह्याच्या या तेलंगणाकडच्या टोकाला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि रात्री भिंतीसुद्धा गरम वाफा सोडतात. बाबांची सत्तरी उलटलेली. म्हटलं, कूलरचे दिवस संपले, बॉस!

फिटिंगला आलेल्या मुलाने दोन तासांत युनिट टांगलं आणि प्लग थेट फ्रिजच्या सॉकेटकडे नेला. ‘सोळाचं सॉकेट आहे, चालते.’ मीही खूश. तेवढ्यात आई सहज म्हणाली, ‘त्या बोर्डाले चप्पल घालूनच हात लावा लागते बाप्पा, झिनझिन्या येतात.’

माझी इंजिनीअरिंगची डिग्री तिथेच घामाघूम झाली. घरात सगळ्यांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं, फक्त त्याला कुणी ‘प्रॉब्लेम’ म्हणत नव्हतं.

शेजारच्या वायरमनकाकांना बोलावलं. मेन स्विच बंद करून त्यांनी बोर्ड उघडला. मी म्हटलं, ‘काका, सॉकेट तर थ्री-पिन आहे!’ ते हसले. ‘पिना तीन हायेत बाबू, पन मागं तारा दोनच हायेत.’

म्हणजे घराला अर्थिंगच नव्हतं. फिटरने लगेच जुगाड सुचवला, न्यूट्रलचाच एक तुकडा अर्थिंगच्या पिनला जोडून देतो. काकांनी त्याला अक्षरशः झापलं, आणि बरोबरच होतं. असा जोड दिला आणि उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर यंत्राच्या अख्ख्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरतात. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. महावितरणही कूलरला थ्री-पिन आणि अर्थिंग वापरा, पाणी भरताना प्लग काढा, असं वारंवार सांगतं. आपण ती बातमी वाचतो आणि पान उलटतो.

मला वाटायचं, एमसीबी आहे ना, मग काय टेन्शन? तर नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. २० अ‍ॅम्पिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारे काही मिलिअ‍ॅम्पिअर दिसतच नाहीत, आणि जीव जायला तेवढे पुरतात. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो बघत बसतो. ३० मिलिअ‍ॅम्पिअरची तफावत झाली की क्षणात सप्लाय तोडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबायचं असतं. (तुमच्या फ्लॅटमधलं कधी दाबलंय? मी तोवर नव्हतं.)

मग एसी चार दिवस भिंतीवर शोभेला, आणि अंगणात खड्डा! आमच्याकडची काळी माती कपाशीला लाख चांगली, पण उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपला सोडून देते. म्हणजे नेमका एसी धावतो त्याच महिन्यांत अर्थिंग कमकुवत! म्हणून खड्ड्यावर झाकणाचं चेंबर केलं, त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम बाबांनी तुळशीच्या पाण्याबरोबर अंगावर घेतलं.

डीबीपासून एसीपर्यंत स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, मध्ये कुठेही जोड नाही. २० अ‍ॅम्पिअरचा सी-कर्व्ह एमसीबी लावला, कारण सुरू होतानाचा झटका तो सहन करतो. आउटडोअर युनिटच्या पत्र्यालाही वेगळी अर्थ वायर दिली. मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यायला अर्ज केला. संध्याकाळी व्होल्टेज मोजलं, १७० च्या आसपास! त्यामुळे स्टॅबिलायझर खालच्या रेंजचा घेतला. बॉक्सवर १७० पासून लिहिलेला इथे कामाचा नव्हता.

न्यू जर्सीतल्या मामेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याच्याकडे अख्ख्या घराला सेंट्रल एसी. पण तिथेही बाहेरच्या युनिटजवळ, नजरेच्या टप्प्यात स्वतंत्र डिस्कनेक्ट लागतोच, आणि आत भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या तारांत फक्त २४ व्होल्ट खेळतात. आम्हीही आउटडोअरशेजारी स्विच बसवला.

सुरू करायच्या दिवशी घाई केली नाही. आधी मेगरने वायरिंग तपासलं. पाइपमधली हवा फिटरने व्हॅक्यूम पंपाने काढली, नुसता गॅस सोडून नाही. नव्या मशिनांतला आर-३२ थोडा ज्वलनशील असतो, म्हणून जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघितले. मगच स्विच. क्लॅम्प मीटरवर सात अ‍ॅम्पिअर, वायर हाताला थंड, पाणी नळीतून बाहेर. अर्ध्या तासाने काकांनी टेस्टर पत्र्याला लावला. दिवा लागला नाही. मग आरसीसीबीचं बटण दाबलं आणि खटकन अंधार! आई दचकली, काका म्हणाले, ‘बस, झालं काम.’

स्टार लेबलच्या एसीवर २०२० पासून २४ अंशांचं डीफॉल्ट सेटिंग येतं. आई ते २७ वर नेते, वर पंखा लावते आणि गोधडी घेते. कूलर अजून ओसरीत आहे. त्यालाही आता तिसरी तार जोडलीय, तरी पाणी भरताना ती चप्पल घालतेच, आणि मी काही बोलत नाही.