डोंगरातील शोधयात्रा : स्थळ कसे निवडावे?

३ मे २००० रोजी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. उपग्रहीय दिशादर्शनात मुद्दाम ठेवलेली त्रुटी सरकारने नुकतीच दूर केली होती. त्यातूनच जिओकॅचिंग हा छंद जन्मास आला. त्या जागी आज स्मृतिफलक आहे. माउंट हूड हा हिमाच्छादित ज्वालामुखी पर्वतही तेथून फार दूर नाही.

सुटीत अशा पर्वतप्रदेशी जाताना अधिकाधिक डबे शोधण्याचा मोह होतो. परंतु स्थळाची निवड संख्येवरून नव्हे, तर सोबतच्या सर्वांत अशक्त व्यक्तीच्या पावलावरून करावी, असे आम्हांस वाटते.

प्रत्येक डब्यास शोधाची कठीणता आणि वाटेची बिकटता असे १ ते ५ पर्यंतचे दोन अंक दिलेले असतात. बिकटता १ म्हणजे चाकाच्या खुर्चीनेही गाठता येणारी जागा. ५ म्हणजे दोर, नाव अशा खास साधनांची गरज. आजी-आजोबा व मुले सोबत असता आधी दुसरा अंक पाहावा.

नकाशावरील सरळ अंतर फसवे असते. मध्ये दरी असू शकते. उंचावरील वाटांवर उन्हाळ्यातही बर्फ राहते. डोंगरात मोबाइलचे जाळे मिळेलच असे नाही, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, कागदी नकाशाही बाळगावा आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी.

ठरलेली वेळ होताच, डबा सापडो वा न सापडो, मागे फिरावे. डबा उद्याही तेथेच असेल. आपली माणसे सुखरूप परतणे महत्त्वाचे.