तावारांची गाठ

पावसाळी तापाची साथ ओसरली की एक प्रश्न हमखास येतो. ताप गेला, खोकलाही थांबला, पण जिना चढताना छातीत धडधडतं, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. डॉक्टर ईसीजी, ट्रोपोनिन, इको करायला लावतात आणि सांगतात, हृदयाच्या स्नायूला सूज आहे, तीन ते सहा महिने धावणं आणि जिम बंद. ताप उतरल्यावर हे कशासाठी?

हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा एक भाग मरतो. विषाणूच्या सुजेतही पेशी मरतात, पण पुष्कळशा जिवंत असतात आणि बिघडतं ते त्यांच्यातलं दळणवळण. स्लॅब टाकताना मजुरांची रांग बघा. काँक्रीटचं घमेलं हातोहात वर जातं, कुणी जागचं हलत नाही. हृदयातला विजेचा संदेश असाच पेशीकडून पेशीकडे सरकतो आणि त्यांचे हात म्हणजे कनेक्सिन-४३ या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्या. चौघांनी हात आखडले की घमेलं वळसा घालून जातं. वळसा लांबला तर तोवर सुरुवातीचे मजूर मोकळे झालेले असतात, घमेलं पुन्हा त्यांच्याच हाती पडतं आणि तिथल्या तिथे गरगरत राहतं. जीवघेण्या वेगाने पडणाऱ्या ठोक्यांमागे बरेचदा हाच फेरा असतो.

कॉक्सॅकी-बी आणि काही अ‍ॅडिनोविषाणू पेशीत शिरताना ज्या प्रथिनाला पकडतात, ते १९९७ मध्ये सापडलं. हृदयात ते असतं नेमकं दोन पेशींच्या सांध्यावर! ते काढून टाकलेल्या उंदरांमध्ये संदेश एव्ही नोडपाशी, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या सीमेवरच्या गाठीपाशी, रखडतो. शिवाय प्रतिकारयंत्रणा सोडते ते इंटरल्युकिन-६ पेशीतल्या पोटॅशियमच्या वाटा अडवतं, त्यामुळे पेशीला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला उशीर होतो. यासाठी विषाणूने हृदयात पाऊल टाकण्याचीही गरज नसते.

एव्ही नोडचं नाव निघालंच आहे, तर सुनाओ तावारांबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. हा तरुण जपानी डॉक्टर १९०३ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला लुडविग आशॉफ यांच्याकडे गेला. आशॉफना जाणून घ्यायचं होतं की सुजलेलं हृदय निकामी का होतं. तावारा हृदयाचे पातळ काप करून एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली तपासत बसले. सुजेतून उत्तर मिळेना. मग विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये वर्णन केलेल्या तंतूंच्या जुडग्याचा त्यांनी दोन्ही टोकांकडे माग काढला. वर, कर्णिका आणि जवनिका यांच्या सीमेवर, एक गाठ निघाली, तीच एव्ही नोड. खाली त्याच्या फांद्या पुर्किन्येंनी कधीच पाहून ठेवलेल्या तंतूंना जाऊन मिळाल्या. १९०६ च्या त्यांच्या ग्रंथात या गाठीपासून खालची अख्खी वायरिंग होती. ईसीजीच्या रेषांना अर्थ आला तो या नकाशामुळे. नोबेल मात्र १९२४ मध्ये ईसीजीवाल्या आइन्टहोवेन यांना मिळालं, आणि गाठीला माणसाचं नाव देतात तेव्हाही बहुधा 'आशॉफ-तावारा', म्हणजे आधी गुरू!

गंमत पुढेच आहे. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना याच गाठीत मॅक्रोफेज, म्हणजे सुजेच्या वेळी धावून येणाऱ्या पेशी, निरोगी हृदयातही मुक्काम ठोकून असलेल्या दिसल्या. त्या कनेक्सिन-४३ नेच शेजाऱ्यांशी जोडलेल्या होत्या. उंदरांतून त्या काढून टाकल्यावर संदेश गाठीपाशीच अडला. तावारांनी सूज शोधत जी जागा गाठली, तिथे सुजेच्या पेशी रोजच्या कामाला जुंपलेल्या होत्या.

तरी 'रोगप्रतिकारक पेशी हृदय चालवतात' छाप मथळ्यांना भुलू नये, तो बहुतांश पुरावा उंदरांचा आहे. 'सूज उतरवणाऱ्या' गोळ्या-काढ्यांच्या जाहिरातींबद्दल तर बोलायलाच नको. सूज मारली की हृदय सुधारेल, ही आशा अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १११ रुग्णांवर नीट तपासली गेली. स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊनही हृदयाची ताकद इतरांहून जास्त सुधारली नाही. विषाणूचा निकाल लावते तीही हीच यंत्रणा, ती सरसकट दाबून कसं चालेल?

विश्रांतीचा सल्ला कंटाळवाणा खरा, पण त्यामागे जुना आधार आहे. १९७० च्या एका प्रयोगात कॉक्सॅकीची लागण झालेल्या उंदरांना पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयातला विषाणू बेसुमार वाढला. तेव्हा मॅरेथॉनची फी भरली असली तरी होल्टर (दिवसभराचा ईसीजी) आणि ट्रेडमिल चाचणी झाल्याशिवाय बूट बांधू नका. मनगटावरच्या घड्याळाने 'सगळं ठीक' म्हटलं, तरी नाही.