दोन अक्षरांची अदलाबदल आणि शेरलॉक होम्सचा झाला 'हेरलॉक शोम्स', काय आहे हा किस्सा?

जानेवारी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर 'लुपिन' ही फ्रेंच मालिका आली. ओमर सी या अभिनेत्याने साकारलेला असान डिओप लहानपणी वडिलांनी दिलेलं एक पुस्तक वाचतो आणि त्यातल्या चोराला गुरू मानून मोठमोठ्या चोऱ्या करतो.

ते पुस्तक खरंच आहे. त्यातल्या चोराचं नाव आर्सेन ल्युपाँ आणि लेखक मॉरिस लब्लाँ. पण या चोराच्या नावावरची सगळ्यात गाजलेली भानगड हिऱ्यांची नाही. लब्लाँने थेट शेरलॉक होम्सलाच उचलून आपल्या गोष्टीत आणलं होतं.

ल्युपाँ जन्मला कसा?

लब्लाँचा जन्म १८६४ चा, फ्रान्समधल्या रूआँ शहरातला. फ्लोबेर आणि मोपासाँ हे त्याचे आदर्श. त्यांच्यासारखं गंभीर साहित्य लिहायचं त्याच्या डोक्यात होतं, पण त्याची पुस्तकं फारशी खपत नव्हती.

१९०५ मध्ये प्रकाशक पिएर लाफितने आपल्या नव्या मासिकासाठी त्याच्याकडे एक गोष्ट मागितली. जुलैमध्ये ती छापून आली. अमेरिकेला निघालेल्या जहाजावर तार येते की, कुख्यात चोर ल्युपाँ याच जहाजावर आहे. प्रवासी एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. शेवटी कळतं की, गोष्ट सांगणाराच ल्युपाँ आहे. न्यूयॉर्कच्या बंदरात इन्स्पेक्टर गानिमार त्याला अटक करतो.

म्हणजे पहिल्याच गोष्टीत हिरो गजाआड. पण वाचकांना ल्युपाँ इतका आवडला की, लाफितने आणखी गोष्टी मागितल्या. मग लब्लाँने ल्युपाँला तुरुंगात बसल्या बसल्या चोरी करायला लावली आणि पुढच्या गोष्टीत तुरुंगातून पळवलं.

मग होम्स कुठून आला?

त्या काळात शेरलॉक होम्स हा जगातला सगळ्यात प्रसिद्ध डिटेक्टिव्ह होता. असल्या चोराला टक्कर द्यायची तर त्याच्याच तोडीचा माणूस हवा. जून १९०६ मध्ये लब्लाँची 'शेरलॉक होम्स उशिरा पोहोचतो' या अर्थाच्या नावाची गोष्ट आली. त्यात वाटेत दोघांची भेट होते, चार शब्द बोलून होतात आणि नंतर समजतं की ल्युपाँने होम्सचं घड्याळ मारलं आहे. वर तो ते परत पाठवून देतो.

होम्सचे निर्माते आर्थर कॉनन डॉयल यांना हे रुचलं नाही. त्यांच्याकडून हरकत आली. लब्लाँने पात्र काढलं नाही, फक्त नावातली अक्षरं फिरवली. १९०७ मध्ये गोष्टी पुस्तकरूपात आल्या, तेव्हा शेरलॉक होम्स 'हेरलॉक शोम्स' झाला होता. पुढे वॉटसनचाही विल्सन झाला. १९०८ मध्ये तर ल्युपाँ विरुद्ध शोम्स असं अख्खं पुस्तकच आलं. कोणाची नक्कल आहे, हे सगळ्या वाचकांना कळत होतं.

पण होम्स तरी कुठून आला होता?

होम्सच्या आधी फ्रान्समध्ये मस्य लकॉक होता. एमिल गाबोरिओच्या १८६६ च्या कादंबरीतून हा पोलीस डिटेक्टिव्ह वाचकांसमोर आला. १८८७ मध्ये होम्स पहिल्यांदा अवतरला, तेव्हा त्याच कादंबरीत त्याने लकॉकची खिल्ली उडवली. म्हणजे दुसऱ्याच्या पात्राला आपल्या गोष्टीत कमी लेखायचं काम डॉयल यांनीही केलं होतं.

आणि लकॉकच्या मागे होता एक खराखुरा माणूस, विदोक. आधी गुन्हेगार, मग पॅरिस पोलिसांच्या गुप्त शाखेचा प्रमुख. चोर आणि पोलीस एकाच माणसात असू शकतात, हे फ्रेंच रहस्यकथेला त्याच्यापासूनच माहीत होतं. ल्युपाँ त्याच मातीतला.

दोन्ही लेखक अडकले

पात्रावरून वाजलं खरं, पण दोघांचं दुखणं एकच होतं. डॉयल यांना आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या महत्त्वाच्या वाटायच्या. म्हणून १८९३ मध्ये त्यांनी होम्सला मारलं, पण १९०३ मध्ये त्याला परत आणावंच लागलं. लब्लाँने १९१० च्या '८१३' या कादंबरीच्या शेवटी ल्युपाँला काप्री बेटावरच्या कड्यावरून उडी मारायला लावली. तोही वाचला.

लब्लाँ १९४१ मध्ये गेला. त्याच्या गंभीर कादंबऱ्या आज क्वचितच कोणी वाचतं. एत्रेता गावातलं त्याचं घर आता संग्रहालय आहे आणि ते ओळखलं जातं ल्युपाँच्या नावाने.

हेरलॉक शोम्सही जिवंत आहे. 'द ग्रेट एस अटॉर्नी' या जपानी गेममध्ये मुळात शेरलॉक होम्स आहे, पण २०२१ मध्ये गेमची इंग्रजी आवृत्ती आली ती हेरलॉक शोम्स हे नाव घेऊन. होम्सच्या शेवटच्या गोष्टींवरचा अमेरिकेतला कॉपीराइट १ जानेवारी २०२३ ला संपला. ल्युपाँवरचा फ्रान्समधला हक्क तर २०१२ मध्येच संपला होता. आता या दोघांना समोरासमोर आणायचं असेल, तर नावातली अक्षरं फिरवायची गरज नाही.