१२५ पट झूम आणि ६७ मिलिमीटरचं भोक

निकॉनच्या पी१००० या कॅमेऱ्याची ओळख एका आकड्यावर चालते: १२५ पट झूम. त्याचा धाकटा भाऊ पी९५० हा ८३ पटींवर थांबतो. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवले की गिऱ्हाइकाचा हात १२५ कडे जातो, आणि त्यात नवल काही नाही. दोन्हींत सेन्सर एकाच मापाचा, पिक्सेल १ कोटी ६० लाख, ४के व्हिडिओ दोघांतही, व्ह्यूफाइंडरही सारखाच. मग उरतो तो झूम. पी१००० आला २०१८ मध्ये आणि पी९५० आला २०२० मध्ये. २०२५ मध्ये पी११०० बाजारात उतरला, पण त्याची लेन्स आणि सेन्सर पी१०००चेच आहेत. त्यामुळे पुढचे हिशेब त्यालाही तसेच लागू पडतात.

आधी हे १२५ कसलं, ते पाहू. पी१००० च्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ४.३ मिलिमीटरपासून ५३९ मिलिमीटरपर्यंत जाते. ५३९ ला ४.३ ने भागलं की १२५ येतात. म्हणजे हा लेन्सच्या दोन टोकांचा भागाकार आहे, डोळ्यांना वस्तू किती पट मोठी दिसेल याचं माप नव्हे. तुलनेसाठी वापरतात त्या ३५ मिमी फिल्मच्या भाषेत ही लेन्स २४ ते ३००० मिमी होते. ५० मिमीला साधारण डोळ्यांसारखं दृश्य मानलं, तर ३००० मिमी म्हणजे ६० पट. भागाकार किती फसवा असतो, याचं उदाहरण हवं असेल तर पॅनासॉनिकचा एफझेड८० घ्या. तो २० ते १२०० मिमी, म्हणून ६० पट. सोनीचा एचएक्स४००व्ही २४ ते १२०० मिमी, म्हणून ५० पट. लांबचा पक्षी दोन्हींत तेवढाच दिसतो.

तरीही पी१००० चा पल्ला अचाट आहे, हे कबूल करायलाच हवं. भिगवणला होडीत बसून ३० मीटरवरच्या खुंटाकडे कॅमेरा रोखला, तर झूम न करता चौकटीत सुमारे ४३ मीटर रुंदीचं दृश्य येतं. पूर्ण झूम केलं की ती रुंदी ३४ सेंटीमीटर होते. खुंटावर खंड्या बसला असेल, तर तो चोचीपासून शेपटीपर्यंत मावतो आणि थोडीच जागा उरते. पी९५० मध्ये हीच चौकट ५२ सेंटीमीटरची. क्षेत्रफळाचा हिशेब तर आणखी चक्रावणारा आहे. १२५ गुणिले १२५ म्हणजे १५,६२५. झूम न केलेलं एक दृश्य पूर्ण झूममध्ये तुकड्यातुकड्याने टिपायचं ठरवलं, तर १५,६२५ फोटो काढावे लागतील आणि त्यांचे पिक्सेल होतील २५ हजार कोटी.

एवढा पल्ला सव्वा-दीड किलोच्या यंत्रात कोंबता आला, तो सेन्सरच्या लहानपणामुळे. त्याचं माप ६.१७ गुणिले ४.५५ मिलिमीटर. हरभऱ्याच्या डाळीएवढा. क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरचं ८६४, म्हणजे जवळपास ३१ पट. माहितीपत्रकात या चिमुकल्या सेन्सरला १/२.३ इंची म्हणतात. हिशेबाने ते ११ मिलिमीटर व्हायला हवेत, पण सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात ७.७ मिलिमीटरच भरतो. ही पद्धत जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांपासून चालत आली आहे. तेव्हा माप नळीच्या बाहेरच्या व्यासाचं घ्यायचे, चित्र मात्र तिच्या आतल्या लहान भागावरच उमटायचं. नळ्या गेल्या, फुगवलेलं माप राहिलं.

हाच पल्ला फुल-फ्रेम कॅमेऱ्याला द्यायचा तर ३००० मिमीची लेन्स लागेल, आणि एफ/८ ला, म्हणजे फोकल लेंग्थच्या आठव्या भागाएवढं भोक धरलं तर, तिचं तोंड ३७५ मिलिमीटर रुंद असेल. असली भिंगं वेधशाळेत बसवतात. कॅननची १२०० मिमी एफ/५.६ ही जुनी लेन्सच साडेसोळा किलोची होती. तिचा एक नग २०२१ मध्ये लिलावात ५ लाख युरोंना गेला. त्या मानाने पी१००० म्हणजे चमत्कारच. मात्र चमत्काराची किंमत कुठेतरी चुकती होतेच, आणि इथे ती प्रकाशात होते.

डाळीएवढ्या जागेत १ कोटी ६० लाख पिक्सेल बसवले की एकेक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा होतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन असते. म्हणजे पिक्सेलच्या रुंदीत प्रकाशाच्या पुऱ्या अडीच लाटाही मावत नाहीत. आता अडचण अशी, की प्रकाश गोल भोकातून जाताना थोडा पसरतो. भिंग कितीही निर्दोष घासलेलं असो, ताऱ्याचा ठिपका बिंदू न राहता एक छोटी चकती होतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये याचं गणित मांडलं. पी१००० पूर्ण झूमवर जास्तीत जास्त एफ/८ इतकाच उघडतो. त्या वेळी या चकतीचा व्यास सुमारे १०.७ मायक्रॉन होतो, म्हणजे आठ पिक्सेल. एका बिंदूचा प्रकाश जवळपास ५० पिक्सेलांवर सांडतो.

त्यामुळे पूर्ण झूमवर ही लेन्स सेन्सरवर एकमेकांपासून वेगळे ओळखू येतील असे ठिपके किती टाकू शकते? ढोबळ हिशेबाने दहा लाखांच्या आसपास. प्रत्येक ठिपका नीट टिपायला आडवे दोन आणि उभे दोन पिक्सेल धरले, तरी ४० लाख पिक्सेल पुरतात. उरलेले १ कोटी २० लाख मेमरी कार्ड भरतात. कॅननचा एसएक्स७० याच मापाच्या सेन्सरवर २ कोटींहून अधिक पिक्सेल देतो. त्या जादा पिक्सेलांसाठी, निदान लांबच्या फोटोंसाठी, एक रुपयाही जास्त मोजू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मोजायचं काय? प्रकाश आत येतो त्या भोकाचा व्यास. तो माहितीपत्रकात छापत नाहीत, पण काढायला सोपा आहे: खरी फोकल लेंग्थ भागिले एफ-आकडा. पी१००० चे ५३९ भागिले ८, म्हणजे ६७ मिलिमीटर. पी९५० चे ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५. एसएक्स७० चे २४७ भागिले ६.५, म्हणजे ३८. दूरचा किती बारीक तपशील वेगळा दिसेल, याची कमाल मर्यादा हा व्यास ठरवतो. १२५ आणि ८३ यांत फरक निम्म्याचा वाटतो, पण ६७ आणि ५५ यांत तो २२ टक्क्यांचा आहे.

हे चंद्रावर तपासून पाहू, कारण हे कॅमेरे घेणाऱ्यांपैकी बरेच जण चंद्राचेच व्हिडिओ पाहून दुकानात आलेले असतात. पी१००० च्या सेन्सरवर चंद्राची प्रतिमा जवळपास ४.९ मिलिमीटरची पडते, सेन्सरची उंची ४.५५. म्हणजे पौर्णिमेचा चंद्र वरखाली चौकटीत मावतच नाही. पृथ्वी फिरत असल्याने तो सेकंदाला जवळपास ३० पिक्सेल या वेगाने सरकत राहतो, आणि तिपाई पक्की असली तरी बघता बघता चौकटीबाहेर निघून जातो. पी९५० मध्ये त्याची प्रतिमा ३.२ मिलिमीटरची, चौकटीत आरामात बसणारी. तपशिलाचं काय? पी१००० ची मर्यादा सुमारे २ आर्कसेकंद. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले दोन. चंद्राच्या अंतरावर हे होतात जवळपास ४ किलोमीटर. पी९५० ची मर्यादा तिथे पावणेपाच किलोमीटर. टायको किंवा कोपर्निकससारखी ८५-९५ किलोमीटरची विवरं दोन्हींत झकास दिसतील. मात्र आपलं लोणार उचलून चंद्रावर ठेवलं, तर त्याचा १.८ किलोमीटरचा व्यास दोन्ही कॅमेऱ्यांच्या हाती लागणार नाही. शिवाय हवा काही स्थिर नसते. सपाटीवरच्या गावातून साध्या रात्री ताऱ्याचा ठिपका हवेमुळेच २-३ आर्कसेकंद पसरतो. म्हणजे त्या २२ टक्क्यांतलाही बराच भाग हवा खाऊन टाकते. दुपारच्या उन्हात, किलोमीटरभर तापलेल्या माळावरून काळवीट टिपायला गेलात तर सगळाच खाते.

(जाता जाता: पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या मंडळींना हे कॅमेरे फार आवडतात. क्षितिजाआड गेलेलं जहाज झूम करून परत आणता येतं, असं ते सांगतात. किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज पाच किलोमीटरच्याही आत असतं. त्याच्या आड बुडालेला जहाजाचा तळ ३००० मिमीमध्येही बुडालेलाच राहतो, फक्त मोठा होऊन बुडालेला.)

पी९५० चा फोटो कापून पी१००० च्या चौकटीएवढा केला, तर पिक्सेल उरतात ७० लाख. त्यात किती ठिपके वेगळे ओळखू येतात? साडेसहा लाखांच्या आसपास, तर पी१००० चे दहा लाखांच्या आसपास. फरक आहे, नाही असं नाही. भिंतीवर लावायच्या मोठ्या छापात तो दिसेलही. फोनच्या पडद्यावर दाखवायचा खंड्या असेल, तर दोनशेतून एखाद्यालाच कळेल.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय पडतं, ते बघा. पी१००० चं वजन १,४१५ ग्रॅम, पी९५० चं १,००५. चाळीस टक्के जास्त ओझं, गळ्यात, दिवसभर. बॅटरी दोघांना एकच लागते. पण निकॉनच्या मोजणीप्रमाणे एका चार्जवर पी१००० चे २५० फोटो निघतात आणि पी९५० चे २९०. हात हलला तरी फोटो वाचवणारी यंत्रणा पी१००० मध्ये ५ स्टॉपची, पी९५० मध्ये साडेपाच. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, हे लक्षात घेतलं तर अर्धा स्टॉपही कमी नाही. आणि पूर्ण झूमवर एफ/६.५ हा एफ/८ पेक्षा दीडपट प्रकाश आत घेतो. पहाटे पक्षी हलायला लागतात तेव्हा प्रकाश कमीच असतो, आणि डाळीएवढ्या सेन्सरला त्याची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच पडते. ३४ सेंटीमीटरच्या चौकटीत उडता पक्षी शोधणं हे तर वेगळंच दुखणं. त्यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांना बाजूला एक बटण दिलं आहे. ते दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी सापडतो, सोडलं की पुन्हा पुढे. दुकानात हे बटण आवर्जून दाबून बघा.

माझा कौल पी९५० ला. चंद्र आणि ग्रह हाच छंद असेल, भक्कम तिपाई घरात असेल आणि कॅमेरा गच्चीपलीकडे जाणार नसेल, तरच पी१००० किंवा पी११०० घ्या. मुलांना घेऊन भटकायचं आहे आणि मधूनच एखादा पक्षी टिपायचा आहे, असं असेल तर ६१० ग्रॅमचा एसएक्स७०सुद्धा पुरेल. यांतलं कुठलंच मॉडेल मिळालं नाही, तर समोर येईल त्या कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कडेवर छापलेले आकडे वाचा. सर्वांत मोठ्या फोकल लेंग्थला सर्वांत मोठ्या एफ-आकड्याने भागा, आणि विक्रेत्याला झूम किती पट आहे ते विचारायच्या आधी हा भागाकार कागदावर लिहून ठेवा.