चार वर्षं पेरा, पंचवीस वर्षं रान

डोंगराला आग लावायची ती माथ्याकडून. खालून लावली तर ज्वाळा उतार चढत सुटतात आणि मग आवरत नाहीत. वरून लावलेली आग मात्र सुकलेला पालापाचोळा खात सावकाश खाली उतरते, माणसाला तिच्यासोबत चालता येतं. जपानच्या क्युशू बेटावर, मियाझाकी प्रांतातल्या शिइबा गावात ऑगस्टच्या सुरुवातीला हे काम चालतं. तुकड्याच्या चारी बाजूंनी आधीच जाळरेषा काढलेली असते. काडी ओढण्यापूर्वी घरातलं वडीलधारं माणूस हात जोडतं. डोंगराच्या आणि अग्नीच्या देवाला साकडं घालून झालं की ते साप, बेडूक, किडामुंगीलाही विनवतं: आता इथे जाळ होणार आहे, लवकर निघून जा. मग आग उतरत जाते, आणि जमीन पुरती गार व्हायच्या आतच राखेत कुट्टूचं बी फेकलं जातं. पंचाहत्तर दिवसांत पीक हाती येतं.

आपल्याकडे कुट्टू म्हणजे उपासाचं पीठ. जपानमध्ये याच कुट्टूच्या शेवया होतात, त्यांना सोबा म्हणतात. शिइबात मात्र पूर्वी शेवयांपेक्षा पिठाचे ओबडधोबड गोळे रश्श्यात सोडून खायची रीत जास्त होती. त्या रश्श्याला वाकुदो-जिरू, म्हणजे भेकाचं कालवण म्हणतात. रश्श्यात तरंगणारे गोळे तसेच दिसतात म्हणून हे नाव. भेक त्यात नसतो.

कागदोपत्री शिइबा हे एक गाव आहे. 1889 साली जपानमध्ये आधुनिक स्थानिक कारभाराची व्यवस्था आली, तेव्हा चार जुने भाग एकत्र करून ते बनवलं. पण क्षेत्रफळ 537 चौरस किलोमीटर आणि त्यातलं 96 टक्के रान. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या अडीच हजार भरली, म्हणजे चौरस किलोमीटरला पाच माणसंही नाहीत. सीमेवर कुनिमिदाके (1739 मीटर) आणि इचिफुसा (1721 मीटर) ही शिखरं, मधोमध मिमी नदीचं उगमाकडचं खोरं, आणि उतारांवर इथे चार घरं, तिथे सहा, अशा वाड्या. रेल्वे नाही. सपाटी इतकी कमी की जुनी घरंही लांबट बांधलेली. मागे डोंगर, पुढे दरी, म्हणून खोल्या एकामागे एक न घालता एका ओळीत. तोनेगावा वाडीत अशी घरं दगडी बांधांवर अजून उभी आहेत. 1998 पासून त्या वाडीला राष्ट्रीय संरक्षण आहे.

अशा जागी भातखाचरं पाडणार तरी किती? म्हणून पोटाचा आधार होती ती रान जाळून केलेली फिरती शेती. जपानीत तिला याकिहाता म्हणतात, शिइबाच्या बोलीत जाळलेलं शेत म्हणजे याबो. तिचा क्रम पक्का ठरलेला आहे. पहिल्या वर्षी कुट्टू, कारण ते ताज्या राखेवर झपाट्याने वाढतं आणि तणाला डोकं वर काढू देत नाही. दुसऱ्या वर्षी हिए किंवा आवा. हिए आपल्या साव्याच्या जातीचं, आवा म्हणजे राळा. तिसऱ्या वर्षी अझुकी, मुगा-उडदाच्या गणगोतातलं लाल कडधान्य. चौथ्या वर्षी सोयाबीन. तोवर राखेचा कस संपत येतो, पण शेवटची दोन पिकं शेंगवर्गातली, स्वतःचं नत्र स्वतः मिळवणारी. पाचव्या वर्षी जमीन सोडून द्यायची. खुंटांना फुटवे येतात, वाऱ्याने आणि पाखरांनी आणलेलं बी रुजतं, आणि वीस ते तीस वर्षांत पुन्हा दाट रान उभं राहतं. मग पुन्हा त्याच तुकड्याची पाळी.

चारास पंचवीस, हा हिशेब नीट पाहावा. 'जंगल जाळून शेती' म्हटलं की डोळ्यांसमोर उजाड डोंगर येतो. शिइबात उजाड डोंगर झाला असता तर पुढच्या पिढीला जाळायला काही उरलंच नसतं. इथे रान हाच खताचा साठा, तो भरायला पंचवीस वर्षं लागतात, म्हणून पंचवीस वर्षं थांबायचं. ज्यांनी आज जाळलं त्यातल्या पुष्कळांना त्याच जागी आयुष्यात फार तर आणखी एक-दोनदा पेरता येणार. नातवंडांच्या पेऱ्याची जागा आजोबा राखतात. ही शिस्त कोण्या खात्याने लावलेली नाही, आणि मला शिइबाचं खरं मोल त्यातच दिसतं.

या शेतीतलं सर्वांत अवघड काम आगीच्या आधीचं. मोठी झाडं मुळापासून तोडत नाहीत. त्यांच्या फांद्या उतरवतात, म्हणजे ऊन खाली पोहोचतं, जळण मिळतं, आणि झाड जगतं. त्यासाठी माणूस शेंड्यापर्यंत चढतो, फांद्या छाटतो, आणि लांब काठीच्या आधाराने खाली न उतरताच शेजारच्या झाडावर जातो. खाली तीव्र उतार. या कामाची स्वतंत्र गाणी होती. उंचावर एकट्याने काम करणाऱ्याला धीर यावा, आणि गाणं ऐकू येतंय तोवर खालच्यांनाही समजावं की गडी शाबूत आहे, असा तो आवाज.

1908च्या जुलैमध्ये यानागिता कुनिओ नावाचा तेहतिशीच्या आतबाहेरचा सरकारी अधिकारी इथे येऊन आठवडाभर राहिला. त्याचा पिंड शेती-अर्थशास्त्राचा. गावचे प्रमुख नाकासे सुनाओ यांनी त्याला रानडुकराच्या शिकारीचे रिवाज, शिकाऱ्यांचे शब्द, वाटे कसे पाडतात, हे सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी यानागिताने त्याचं छोटं पुस्तक स्वखर्चाने छापलं, प्रती 50. जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचा आरंभ या पुस्तकापासून धरतात. पण शिइबात त्याला सर्वांत अचंबा वाटला तो जमिनीच्या वाटपाचा. सामाईक डोंगरातले जाळायचे तुकडे वाटताना ज्याच्याकडे कमी त्याला जास्त जागा मिळत असे, आणि सधन घरं त्यावर कुरकुरत नसत. पुस्तकांतून वाचलेलं आदर्श राज्य या आडबाजूच्या डोंगरात चालतं-बोलतं सापडलं, असं त्याने लिहून ठेवलं. भाबडेपणा म्हणून हे उडवून लावू नये. जमिनीचा प्रश्न हा त्याच्या अभ्यासाचाच विषय होता.

वाटपामागे जी वृत्ती होती तिला शिइबात कातेरी म्हणतात. आज तुमच्या शेतात सगळे, उद्या माझ्या. हिशेब पैशात नाही, हातांत. आपली इर्जिक किंवा सावड तीच. पाच-सहा घरांच्या वाडीत दुसऱ्याचे हात मिळाले नाहीत तर आग राखणंही शक्य नाही, मग छप्पर शाकारणं दूरच.

सह्याद्रीलाही ही शेती अनोळखी नाही. कातकरी, ठाकर, महादेव कोळी डोंगरउतारावर रान तोडून-जाळून नाचणी-वरई घेत. रायगडातल्या 'दळी' जमिनी त्याच्याच खुणा. इंग्रजांच्या वनखात्याने एकोणिसाव्या शतकात या शेतीवर बंधनं आणली, तिला जंगलाचा शत्रू ठरवलं. फिरायची मुभा गेली की फिरती शेती आपोआप ओरबाडणारी होते, कारण तोच तुकडा पुन्हा पुन्हा वापरावा लागतो.

शिइबात ती मोडली वेगळ्या वाटेने. 1955 साली मिमी नदीवर कामिशिइबा धरण पूर्ण झालं. 110 मीटर उंचीचं, जपानमधलं पहिलं मोठं कमानी धरण. त्यासोबत रस्ते आले, रोजगार आला, आणि माणसं बाहेरही पडू लागली. त्याच काळात देशभर लाकडासाठी सुगी वृक्षाची लागवड जोरात होती; याबोची कितीतरी जागा कायमची सुगीच्या रांगांखाली गेली. पुढे परदेशी लाकूड स्वस्त झालं आणि त्या रांगांना भाव राहिला नाही. आता शेतकऱ्यांची कमाई ओंडक्यांवरच्या शिताके अळंबीची, वासरांची, थोड्या भाजीपाल्याची. वादळं अधूनमधून डोंगरच खाली आणतात. सप्टेंबर 2020 मध्ये अशा एका दरडीने इथे माणसं गिळली.

तरीही काही गोष्टी टिकल्या आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात 26 वाड्यांतून रात्र-रात्र कागुरा नाच चालतो, त्यात शिकारीचे आणि पिकाचे विधी गुंफलेले आहेत. 1991 मध्ये त्याला राष्ट्रीय मान्यता मिळाली. 2015च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ताकाचिहो ते शिइबा या पाच पालिकांच्या डोंगरी शेती-वनव्यवस्थेला जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. दर्जा मिळाला म्हणून झाडावर चढणारा माणूस मिळतो असं नाही, पण बाहेरच्या तरुणांचं लक्ष वळलं, काही येऊन राहिलेही.

याबोची आग विझली नाही याचं मोठं श्रेय शिइबा कुनिको या बाईंना जातं. 1924चा जन्म. इतरांनी सोडली तरी त्यांच्या घराने दरवर्षी एक तुकडा जाळून पेरायचं सोडलं नाही. रानातल्या शेकडो वनस्पती त्यांना नावानिशी, उपयोगानिशी माहीत होत्या. अभ्यासक वही घेऊन त्यांच्यामागे डोंगर चढत. 2011 मध्ये एनएचके या वाहिनीने त्यांच्यावर माहितीपट केला. त्यांच्या हट्टामागचं कारण अगदी शेतकरी होतं. कुट्टूचं बी साठवून फार वर्षं टिकत नाही, जुनं झालं की उगवत नाही. गावरान वाण हवा असेल तर दरवर्षी पेरलाच पाहिजे, आणि पेरायचा तर दरवर्षी कुठला तरी उतार जाळलाच पाहिजे. एक वर्षही सुट्टी घेता येत नाही.

त्याच परिसरातल्या ओमुकाई प्राथमिक शाळेची मुलं गावकऱ्यांसोबत दरवर्षी स्वतःचा याबो करतात: जाळतात, पेरतात, कापतात, सोबा करून खातात. गावात माध्यमिक शाळेच्या पुढे सोय नाही, त्यामुळे पंधराव्या वर्षी प्रत्येकाला बाहेर पडावंच लागतं. आज शाळेच्या याबोत बी फेकणारी मुलं चाळिशीला येतील तेव्हा त्याच तुकड्यावरचं रान पुन्हा जाळण्याजोगं झालेलं असेल. तोवर दर ऑगस्टला कुणीतरी बी जिवंत ठेवायला हवं, आणि ते काम सध्या थोड्याच घरांच्या अंगावर आहे.