समजून घ्या : केमो संपल्यावर आराम की चालणं?

‘आता फक्त आराम कर,’ असं केमोथेरपी संपलेल्या रुग्णाला घरचे सांगतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘चॅलेंज’ चाचणी वेगळं सांगते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेले ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा-ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली (ती कपाटातच जाते म्हणा!), निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाची साथ. आठ वर्षांनी पहिल्या गटातले ८३.२ टक्के, दुसऱ्यातले ९०.३ टक्के हयात होते. व्यायाम किती? आठवड्यातून तीन-चारदा पाऊण तास भरभर चालण्याइतका. विशेष म्हणजे, दोन्ही गटांच्या वजनात फारसा फरक नव्हता. त्यामुळे काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका. स्नायू-सांध्यांची दुखणी मात्र व्यायाम करणाऱ्यांत जास्त आढळली. सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा.