विश्लेषण : आजी-आजोबांसाठी ‘अडॅप्टिव्ह’ कपडे म्हणजे काय? नेहमीच्या साडी-सदऱ्यात कोणते बदल करून घेता येतात?

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला किंवा नुसता खांदा धरला, की अनेक घरांत आजींचे कपाट एका दिवसात बदलते. साड्या गाठोड्यात बांधून माळ्यावर जातात आणि बाजारातून चार गाऊन येतात. आजोबांचे धोतर जाऊन नातवाची जुनी ट्रॅक पॅन्ट येते. तात्पुरती सोय म्हणून केलेला हा बदल बरेचदा कायमचा होतो. मग पाहुणे आले की आजी आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीत, लग्नाचे आमंत्रण आले की ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतात. कारण गुडघ्यांचे सांगितले जाते, पण गाऊनवर चारचौघांत जाण्याचा संकोचही त्यात असतो. हे टाळता येते का, आणि त्यासाठी महागडे खास कपडेच घ्यावे लागतात का, याविषयी…

अडॅप्टिव्ह कपडे म्हणजे काय?

हालचाल मर्यादित झालेल्या व्यक्तीला स्वतःचे स्वतः घालता-काढता यावेत, किंवा दुसऱ्याला तिला न दुखवता घालता यावेत, अशा बेताने शिवलेले कपडे म्हणजे अडॅप्टिव्ह कपडे. समोरून पाहिले तर साधा शर्ट, पण वरची बटणे नुसती शोभेची आणि आत वेल्क्रो किंवा चुंबक, हे त्याचे सर्वात परिचित उदाहरण. अमेरिकेत हेलन कुकमन यांनी १९५० च्या दशकात ‘फंक्शनल फॅशन्स’ या नावाने असे कपडे तयार करण्यास सुरुवात केली. ‘टॉमी हिलफिगर’ने २०१६ मध्ये मुलांसाठी आणि पुढच्या वर्षी प्रौढांसाठी असे कपडे आणल्यावर या प्रकाराकडे फॅशन म्हणूनही पाहिले जाऊ लागले.

भारतातही असे कपडे ऑनलाइन मिळतात. मात्र त्यात शर्ट, पॅन्ट आणि गाऊन यांचाच भरणा दिसतो. आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईसाठी त्यात फारसे काही नसते. गंमत म्हणजे यामागची कल्पना मराठी घरांना अजिबात नवी नाही. तान्ह्या बाळाचे मागे बंद बांधायचे झबले, पुढे गाठ मारायची चोळी, बंदांची बाराबंदी हे सगळे डोक्यातून न घालता अंगाभोवती घेण्याचे कपडे. वजन कमी-जास्त झाले तरी ते अंगाला बसत.

गाऊन सोयीचा नसतो का?

असतो, पण समजला जातो तितका नाही. बाजारातले बहुतेक गाऊन डोक्यातून घालावे लागतात, त्यासाठी दोन्ही हात वर न्यावे लागतात. खांदा धरलेल्या व्यक्तीला नेमके तेच जमत नाही. गाऊनची उंची पायघोळ असते. बाथरूममध्ये त्याचा घेर भिजतो, पायरी चढताना पायाखाली येतो. पाय अडखळून पडणे ही या वयातली सर्वात महागात पडणारी गोष्ट आहे. शिवाय स्वस्त गाऊन अनेकदा पॉलिएस्टरमिश्रित असतात. घाम टिपला जात नाही, आणि गॅसजवळ पेट घेतला तर असे कापड वितळून कातडीला चिकटते. आजी अजून सकाळचा चहा स्वतः करत असतील तर हे विसरून चालणार नाही.

गाऊनच हवा असेल तर सुती, पुढून कमरेपर्यंत उघडणारा आणि घोट्याच्या दोन बोटे वर संपणारा घ्यावा. उंची जास्त असेल तर ती त्याच दिवशी दुमडून शिवून घ्यावी.

साडी सोडावीच लागते का?

बहुतेक वेळा नाही. अडचण साडीची नसते. उभे राहून निऱ्या घालणे, वाकून फॉल सारखा करणे आणि ब्लाऊजचे हूक लावणे या तीन कामांची असते. ती कामे आधीच करून ठेवली की साडी घागऱ्यासारखी चढवता येते.

दादर किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर शिवलेली नऊवारी सर्रास मिळते. ती घेतली जाते नवरीसाठी, लेझीम पथकातल्या मुलींसाठी किंवा शाळेच्या संमेलनासाठी. म्हणजे ज्यांना नऊवारी नेसताच येत नाही त्यांची सोय झाली, आणि जिला नेसता येते पण हात चालत नाहीत तिला गाऊन मिळाला. अर्थात, आजींसाठी शिवलेली नऊवारी घेताना एक अडचण लक्षात घ्यावी. काष्टा शिवलेला असल्याने ती पायजम्यासारखी पूर्ण खाली करावी लागते. लघवीची घाई होत असेल तर तिचा उपयोग फोटोपुरताच.

त्या मानाने शिवलेली सहावारी रोजच्या वापराला बरी. निऱ्या घडी घालून रुंद पट्ट्यावर शिवायच्या, आतला परकर त्याच पट्ट्याला जोडायचा आणि उघडझाप डाव्या कुशीला ठेवायची. उजवा हात अधू असेल आणि डाव्याने काम चालत असेल, तर उघडझाप पुढे, डाव्या हाताच्या टप्प्यात घ्यावी. पदर आखूड ठेवावा. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीचा लांब पदर चाकात अडकण्याचा धोका असतो. खांद्यावर सेफ्टी पिनऐवजी ब्लाऊजला आणि पदराला एकेक टिचबटण लावले की टोचण्याची भीती जाते.

यासाठी अंगवळणी पडलेली जुनी सुती साडी घ्यावी. नारायणपेठ, इरकल किंवा साधी मिलची सुती साडी धुऊन धुऊन मऊ झालेली असते. पैठणीला मात्र विचारल्याशिवाय कात्री लावू नये. भारी साडीच्या निऱ्या मोठ्या टाक्यांनी पट्ट्यावर नुसत्या अडकवता येतात, समारंभानंतर टाके उसवले की साडी पुन्हा अखंड.

ब्लाऊज पुढून उघडणाराच हवा. मुंढा नेहमीपेक्षा मोठा, बाही सैल आणि काखेत कळी टाकलेली असली की हात खांद्यापर्यंतही न उचलता बाही चढते. ताणले जाणारे होजिअरीचे ब्लाऊज हल्ली सगळीकडे मिळतात. ते मऊ असतात, पण त्यातले बरेचसे डोक्यातून घालावे लागतात हे घेण्याआधी पाहावे.

परकराच्या नाडीकडे लक्ष का द्यावे?

वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध महिलांची नोंद प्रसिद्ध केली. एकीच्या कमरेवर परकराच्या घट्ट नाडीच्या जागी जखम झाली होती, ती दीड वर्ष बरी होत नव्हती. दुसरी अनेक वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला आवळून नेसत होती. दोघींच्या जखमेचे रूपांतर त्वचेच्या कर्करोगात झाले होते. असे क्वचितच घडते. पण कमरेवरचा काळा पट्टा, खाज आणि सोललेली कातडी मात्र असंख्य बायकांच्या ओळखीची आहे, आणि ‘नाडीचा वण’ म्हणून तिकडे दुर्लक्ष होते.

नाडीऐवजी दोन-अडीच इंच रुंद इलॅस्टिक किंवा कापडी पट्टा लावला की दाब पसरतो. इलॅस्टिकही आवळणारे नको. रात्री कपडे काढल्यावर कातडीवर खोल वळ दिसत असेल तर ते सैल करावे. हाच नियम सूज येणाऱ्या पायांवरच्या मोज्यांना लागू. आणि कमरेवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर मलमे बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावी.

आजोबांसाठी काय?

धोतर नेसायला दोन हात आणि बराच वेळ उभे राहण्याची ताकद लागते. दक्षिणेत वेल्क्रो लावलेली धोतरे तयार मिळतात, समारंभाला ती चालतात. रोजसाठी लेंगा बरा, पण त्याची नाडी हा खरा शत्रू. ओली झाली की गाठ घट्ट बसते आणि थरथरत्या बोटांना ऐनवेळी सुटत नाही. त्यातून लेंगा खराब झाला की आजोबा पाणी कमी प्यायला लागतात, बाहेर जाणे टाळतात. घरच्यांना वाटते की प्रकृती ढासळली. नेफ्यात नाडीऐवजी इलॅस्टिक ओवायला शिंप्याला फार वेळ लागत नाही.

सदरा अर्ध्यापर्यंत उघडणारा असतो, तो खालपर्यंत उघडून घ्यावा. काजे शिवून बंद करावीत, त्यावर बटणे लावावीत आणि आतून वेल्क्रोचे तुकडे बसवावेत. बाहेरून सदरा होता तसाच दिसतो. संधिवाताने आखडलेल्या बोटांसाठी टिचबटण अनेक जण सुचवतात, पण ते लावायला अंगठ्याने दाब द्यावा लागतो आणि तिथेच दुखते. त्यापेक्षा वेल्क्रो, किंवा चेन लावून तिच्या टोकाला बोट जाईल अशी कडी. चुंबकाची बटणे सोपी असतात, मात्र पेसमेकर बसवला असेल तर छातीवर चुंबक नको.

वेल्क्रोचेही थोडे नखरे आहेत. त्याची खरखरीत बाजू कातडीकडे येता कामा नये. मलमल किंवा रेशीम तिला अडकले की धागे निघतात. धुण्याआधी ते चिकटवून बंद केले नाही तर त्यात कापसाचे तंतू भरतात आणि काही महिन्यांत ते धरेनासे होते.

एक हात किंवा एक बाजू चालत नसेल तर?

अर्धांगवायूनंतर कपडे घालताना अधू हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना उलट, चांगला हात आधी मोकळा करायचा. हा क्रम माहीत नसल्याने अनेक घरांत अधू हात ओढला जातो आणि खांदा दुखावतो. बाही रुंद असेल तर मदत करणाऱ्याने बाहीच्या तोंडातून स्वतःचा हात आत घालून रुग्णाचा हात अलगद धरून बाहेर आणावा. कपडे बसून घालावेत, हात असलेल्या भक्कम खुर्चीवर. पलंगाच्या काठावर तोल जाण्याची शक्यता जास्त.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे कपडे कसे असावेत?

येथे दिसण्यापेक्षा कातडीचा विचार आधी. पाठीखाली, माकडहाडाखाली हूक, गाठ, जाड शिवण, मागचा खिसा काहीही नको. तेवढ्या दाबानेही कातडी लाल होते आणि पुढे तिथेच जखम होऊ शकते. मागून उघडणारा, दोन्ही पाखे एकमेकांवर येणारा सदरा किंवा झगा बसल्या जागी पुढून चढवता येतो. पाठ उघडी पडू नये एवढी पाखे रुंद असावीत. रुग्णालयातल्या झग्याचा सर्वांत मोठा दोष हाच. लघवीची नळी असेल तर लेंग्याची एक बाजू टिचबटणांनी उघडणारी करावी. नळी कुठे दुमडली जाऊ नये आणि पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर राहावी.

अशा व्यक्तीलाही अंगभर एकच पांढरा वा फिकट झगा घालण्याचे कारण नाही. खणाच्या कापडाची पट्टी गळ्याला लावली, आवडीचा रंग घेतला तर भेटायला येणाऱ्याची नजर आधी तिथे जाते. ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य साधारणपणे तिशी-चाळिशीतली माणसेच म्हणतात.

शिंप्याकडे जाताना काय पाहावे?

माप बसलेल्या स्थितीत घ्यावे. पाठीला बाक आला असेल तर कपडा मागून वर चढतो आणि पुढे लोंबतो. म्हणून पाठीची उंची वाढवावी, पुढची कमी करावी. शिलाईत भरपूर माया ठेवायला सांगावी, कारण आजारपणात वजन भराभर बदलते. आधी एकच कपडा बदलून घ्यावा आणि आठवडाभर वापरून मग बाकीचे द्यावेत. स्वेटरही डोक्यातून घालायचा नको, पुढून उघडणारा हवा. थंडीत एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे.

या सगळ्यात ज्यांचे कपडे आहेत त्यांना विचारणे राहून जाते. विसरभोळेपणाचा आजार असेल तर उघडे कपाट समोर ठेवून ‘काय घालायचे’ विचारण्यापेक्षा दोन कपडे हातात धरून ‘यातले कोणते’ विचारावे. समारंभाचा कपडा दोन-तीन दिवस आधी घरी घालून पाहावा. त्याच चपला घालून चार पावले चालून, खुर्चीवर बसून-उठून आणि एकदा बाथरूमला जाऊन यायला लावावे. तिथे अडले तर शिंप्याकडे जायला वेळ हातात असतो.

आणि शिवलेल्या साडीत एक गोष्ट हमखास राहून जाते. तिला कनवट नसते. आयुष्यभर पैसे, किल्ली, तपकिरीची डबी कनवटीला खोचलेल्या बाईला ते ठेवायला जागाच उरत नाही. पट्ट्याच्या आतून, हात सहज पोहोचेल अशा बाजूला, एक खिसा शिवून घ्यावा. नातवंडांच्या हातात ठेवायची नोट, कानाच्या मशीनची डबी आणि मोबाइल त्यात मावेल एवढा.